ऑटोकॉकरचा ट्रिगर जड लागतोय? स्प्रिंगला हात लावण्याआधी या चुका टाळा

पेंटबॉल मार्करचा, म्हणजे रंगाच्या गोळ्या मारणाऱ्या बंदुकीचा, ट्रिगर जड झाला की बहुतेकांचा हात आधी स्प्रिंगकडे जातो. ऑटोकॉकर या मार्करच्या बाबतीत दोष बहुधा तिथे नसतोच. या मार्करचा ट्रिगर एका ओढीत दोन कामं करतो. आधी ट्रिगर प्लेट सिअर (हॅमर अडवून धरणारा खटका) ढकलते, हॅमर (स्प्रिंगच्या जोरावर धावणारा ठोकळा) सुटून व्हॉल्व्हवर आदळतो आणि गोळी जाते. बोट आणखी मागे नेलं की टायमिंग रॉड थ्री-वे व्हॉल्व्हचा (हवेची वाट बदलणाऱ्या झडपेचा) दांडा सरकवतो, हवा रॅममध्ये (हवेवर चालणाऱ्या छोट्या दट्ट्यात) शिरते आणि बॅकब्लॉक (मार्करच्या मागचा ठोकळा) मागे जाऊन हॅमर पुन्हा चढवतो. ट्रिगर सोडला की बॅकब्लॉक पुढे येतो आणि बोल्ट (गोळी बॅरलमध्ये ढकलणारा भाग) बंद होतो. जडपणा या दोनपैकी कुठल्या कामात आहे हे कळेपर्यंत काहीच फिरवू नका.

तपासायला बसताना हॉपर (वरचा गोळ्यांचा डबा) काढा, बॅरलवर कव्हर चढवा, गॉगल डोळ्यांवरच राहू द्या. टाकी काढली म्हणजे मार्कर रिकामा झाला, असं धरून चालणं ही पहिली चूक. आत हवा उरलेली असते. सुरक्षित दिशेला धरून तीन-चार वेळा ट्रिगर ओढा, बॅकब्लॉक हलायचा थांबला की पुढे चला.

जडपणा नेमका कुठे?

टायमिंग रॉड कपलिंगमधून (रॉड थ्री-वेच्या दांड्याला जोडणाऱ्या तुकड्यातून) जिथे बाहेर येतो तिथे बारीक मार्कर पेनने खूण करा. खूण न करता कपलिंगचा स्क्रू सैल केला तर टायमिंग (दोन्ही कामांचा जुळवलेला क्रम) हरवतं आणि नवीनच दुखणं मागे लागतं. खूण झाली की स्क्रू ढिला करून रॉड मोकळा करा. आता तीन गोष्टी वेगवेगळ्या चाचपा.

हॅमर न चढवता ट्रिगर ओढा. इथे बोटावर रिटर्न स्प्रिंग आणि घर्षणाचाच भार असतो. हातानं कॉकिंग रॉड मागे ओढून हॅमर चढवा आणि पुन्हा ट्रिगर ओढा. वाढलेला भार सिअरचा. मग थ्री-वेचा दांडा बोटांनी मागे-पुढे करा. तो एकसारखा, न अडखळता सरकला पाहिजे.

हॅमर न चढवताच ट्रिगर घासत असेल तर ग्रिप फ्रेमचे दोन्ही स्क्रू अर्धा-अर्धा फेरा सैल करून बघा. सरकत्या ट्रिगरच्या फ्रेममध्ये प्लेट फ्रेम आणि बॉडी यांच्या खाचेत फिरते. स्क्रू ताकद लावून आवळले की प्लेट चिमटली जाते. सैल केल्यावर ट्रिगर लगेच हलका झाला, तर दुसरं काही शोधत बसू नका. प्लेटच्या कडांवरचे बारीक खरखरे 1000, मग 2000 ग्रिटच्या पॉलिश पेपरने सपाट काचेवर घासून काढा.

सिअर आणि लग: इथे घाई नडते

हॅमरखाली जो लग (खाली-वर करता येणारा स्क्रू) असतो त्याला सिअर पकडतं. लग जास्त खाली आला असेल तर सिअरची पकड खोल होते, ट्रिगर लांब आणि जड लागतो. लग वर घेतला की ओढ हलकी होते, पण मर्यादेपलीकडे गेलात तर हॅमर निसटतो आणि मार्कर नको तेव्हा सुटतो.

बहुतेक बॉडींत बोल्ट काढल्यावर वरच्या भोकातून 1/8 इंची ॲलन कीने लग फिरवता येतो. घरातली 3 मिमीची की घालू नका. ती जवळजवळ बसते, आणि तिथेच घात होतो: पाव मिलिमीटरहून कमी फटीत की फिरते, लगच्या षटकोनी खाचेचे कोपरे गोल होतात आणि मग हॅमर बाहेर काढण्याशिवाय इलाज उरत नाही.

एका वेळी फार तर 1/8 फेरा. प्रत्येक बदलानंतर दहा वेळा हॅमर चढवा, बॅकब्लॉकला बाजूने तळव्यानं थापटा. एकदाही हॅमर सुटला तर लग परत खाली घ्या. लग हलला की गोळी सुटायची जागाही हलते, म्हणून टायमिंग पुन्हा तपासावंच लागतं.

सिअर पॉलिश करायला हरकत नाही, पण फक्त पकडीचा पृष्ठभाग चकचकीत करा, कोन बदलू नका आणि धार गोल करू नका. रोटरी टूल इथे कपाटातच राहू द्या. नंतर मॉलीब्डेनम ग्रीसचा पातळ हात द्या. सिअर पोलादी असल्यानं कोकण-गोव्यात पावसाळाभर पडून राहिलेल्या मार्करमध्ये त्यावर गंज चढलेला दिसू शकतो. तो काढून पुसून ग्रीस लावलं तरी पुष्कळ फरक पडतो.

सिअरवरचा भार मुळात हॅमर स्प्रिंगमधून येतो. गोळीचा वेग वाढवायला या स्प्रिंगचा मागचा ॲडजस्टर आत आत फिरवत गेलं की ट्रिगरही जड होत जातो. हे विसरून लोक ट्रिगरलाच दोष देतात. ॲडजस्टर एक फेरा बाहेर घ्या आणि मुख्य रेग्युलेटरचा दाब थोडा थोडा वाढवून क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) वेग पुन्हा सेकंदाला 280 फुटांच्या आसपास आणा. 300 ओलांडू देऊ नका. दाब वाढवूनही वेग घसरायला लागला तर हॅमरला तेवढ्या दाबाविरुद्ध व्हॉल्व्ह नीट उघडता येत नाहीये. दाब कमी करा.

थ्री-वे अडखळत असेल तर

दांडा बाहेर काढून त्यावरच्या ओ-रिंग (हवा अडवणाऱ्या रबरी कड्या) बघा. सीओटू वापरणाऱ्यांच्या मार्करमध्ये त्या फुगलेल्या सापडणं नवीन नाही, कारण गॅस दाबाखाली रबरात मुरतो आणि दाब सुटल्यावर रिंग फुगते. चिरलेली किंवा चपटी झालेली रिंग बदला. नवी रिंग त्याच मापाची हवी. जरा जाड बसवली की गळती थांबते, पण ट्रिगर दगडासारखा होतो.

डब्ल्यूडी-40 फवारून काम भागवू नका. दोन दिवस सगळं लोण्यासारखं चालतं, मग तेल उडून जातं आणि उरलेल्या राळेत धूळ चिकटते. सिलिकॉन ग्रीसची इतकी पातळ फिल्म लावा की रिंग फक्त ओली दिसेल.

दांडा सुटा असताना मऊ सरकतो, पण रॉड जोडताच अडतो? मग रॉड वाकलेला आहे किंवा कपलिंग तिरपं बसलंय. रॉड काचेवर ठेवून लोळवा, वाक लगेच दिसतो.

एलपीआर, म्हणजे थ्री-वे आणि रॅमला कमी दाबाची हवा देणारा रेग्युलेटर, गरजेपेक्षा जास्त ठेवणं ही नेहमीची खोड. साधारण 60 ते 90 पीएसआय पुरतात. जास्त दाबाखाली थ्री-वेच्या रिंगा अधिक आवळून घासतात आणि बॅकब्लॉक धाडकन आदळतो. दाब इतका कमी करा की मार्कर नीट कॉक होईनासा होईल, मग पाव-पाव फेरा वाढवत कॉकिंग पक्कं होईल तिथे थांबा.

टायमिंग आखडल्यामुळे आलेला जडपणा

ही चूक सगळ्यात फसवी. ट्रिगर छोटा व्हावा म्हणून रॉड इतका आखूड केला जातो की सिअर सुटायच्या आतच थ्री-वे सरकायला लागतो. दोन्ही भार एकदम बोटावर येतात आणि एकेक भाग तपासला तर सगळं ठीक वाटतं! शिवाय बोल्ट लवकर उघडला की हवा फीडमध्ये (गोळ्या आत येण्याच्या नळीत) वर उडते आणि गोळ्या फुटतात.

हवा भरून, हॉपर काढलेलाच ठेवून, ट्रिगर अगदी हळू ओढा. आधी हॅमरचा टक्क आवाज, मग किंचित मोकळी हालचाल, आणि त्यानंतर बॅकब्लॉक मागे, हा क्रम हवा. ट्रिगर पूर्ण मागे जाण्याआधी कॉकिंग झालं पाहिजे आणि सोडल्यावर बॅकब्लॉक पूर्ण पुढे यायला हवा.

पुढे येत नसेल आणि तुम्ही रिटर्न स्प्रिंगचे वेढे कापलेले असतील, तर कारण तेच. कापलेल्या स्प्रिंगचा सुरुवातीचा ताण जातो, म्हणून ती थ्री-वेला परत ढकलत नाही. उरलेले थोडे वेढे मात्र आधीपेक्षा ताठ असतात, म्हणून ओढीच्या शेवटी ट्रिगर पुन्हा जडच लागतो. मूळ मापाची स्प्रिंग आणून बसवा.