घडीचा चाकू निवडताना: आधी मिटवून पाहा

घडीचा चाकू दाखवताना दुकानदार तो अंगठ्याने फटकन उघडतो आणि गिऱ्हाईक तेवढ्यावरच खूश होते. परंतु एका हाताने वापरायच्या चाकूची खरी परीक्षा तो मिटवताना होते. दुसऱ्या हातात पार्सलचा खोका किंवा सुतळीची गाठ धरलेली असते म्हणूनच तर असा चाकू हवा असतो, आणि मिटवताना बोटे पात्याच्या वाटेत येणार असतील तर ती सोय अर्धीच राहते.

म्हणून पाते उघडे ठेवणारा खटका आधी पाहावा. लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतली पातळ पट्टी पात्याच्या बुडाला टेकते. ती बाजूला सारताना अंगठा क्षणभर पात्याच्या मार्गात असतो, शिवाय ही रचना बहुधा उजव्या हातासाठीच केलेली असते. मुठीच्या पाठीवर दाबायचा बॅकलॉक मजबूत असतो, पण तो एका हाताने मिटवणे सरावाचे काम आहे. आडवी दांडी असलेला क्रॉसबार लॉक मला सर्वांत योग्य वाटतो, कारण दांडी मागे ओढताना एकही बोट धारेखाली येत नाही आणि डावखुऱ्यालाही तो तितकाच सोयीचा पडतो. ओपिनेल या फ्रेंच चाकूचे १९५५ पासूनचे फिरते कडे भरवशाचे असले, तरी त्याच्या पात्यावरील नखाची खाच दोन्ही हात मागते, त्यामुळे तो येथे बाद ठरतो.

पुण्याच्या बोहरी आळीत असो वा अन्यत्र, चाकू हाताळून पाहता आला तर मिटलेला चाकू तोंड खाली करून हलवावा. पाते आपोआप बाहेर डोकावत असेल तर तो खिशात ठेवण्याच्या लायकीचा नाही. उघडल्यावर पात्याच्या चपट्या बाजू चिमटीत धरून डावीकडे-उजवीकडे हलवाव्यात. खिळखिळेपणा जाणवल्यास तो परत करावा. हीच तपासणी स्वतःच्या हाताने, सावकाश, दोन-तीनदा करावी, आणि उघडण्यासाठी पात्यावर अंगठ्याचे बटण आहे की गोल छिद्र, ही केवळ आवडीची बाब समजावी.

पात्याची लांबी ६ ते ७.५ सेंटिमीटर पुरेशी होते. जाडी २.५ मिलिमीटरच्या आसपास असावी, कारण त्याहून बरेच जाड पाते पेरू कापत नाही, फोडते. दातेरी धार टाळावी. तिला घरी धार लावणे कटकटीचे असते.

बटण दाबताच स्प्रिंगने उघडणारा चाकू मुळीच घेऊ नये. पुण्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१च्या कलम ३७ अन्वये वेळोवेळी शस्त्रबंदीचे आदेश निघतात व त्यांत चाकूचाही उल्लेख असतो, त्यामुळे तेव्हा कोणताही चाकू घरीच ठेवावा. लोहगाव विमानतळावर चाकू हातातल्या बॅगेत चालत नाही.

पोलादाबाबत, डी२ या प्रकारच्या पोलादाला धार बराच काळ टिकते, पण त्यात क्रोमियम साधारण १२ टक्केच असल्याने आणि त्याचा बराचसा भाग कार्बाइडमध्ये, म्हणजे कार्बनबरोबरच्या कठीण संयुगात, अडकत असल्याने पावसाळ्यात त्यावर गंज धरू शकतो. सिंहगडावर भिजणाऱ्याने किंवा लिंबू-कैरी कापणाऱ्याने १४सी२८एनसारखे गंजरोधक पोलाद घ्यावे, पाते पुसून कोरडे करावे आणि बिजागरीत शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा.