स्पितीत भूशास्त्रीय नकाशा काढताना या चुका टाळा

आपल्यापैकी बहुतेकांचा डोळा सह्याद्रीत तयार होतो. बेसॉल्टचे थर जवळजवळ आडवे असल्यामुळे दोन थरांमधली सीमा टोपोशीटवरच्या (उंचसखलपणा दाखवणाऱ्या नकाशावरच्या) समोच्च रेषेला धरून काढली तरी फारसं बिघडत नाही. हीच सवय घेऊन आपण हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यात उतरतो आणि पहिल्याच दिवशी नकाशा चुकतो.

स्पितीचे थर आडवे नाहीत. समुद्रात साचलेला हा गाळ हिमालय उचलला गेला तेव्हा वळ्यांमध्ये दुमडला. थर कललेला असला की सीमारेषा समोच्च रेषा कापत जाते आणि नाल्यात तिचा इंग्रजी व्हीसारखा कोन होतो. थर नाल्याच्या उगमाकडे कलत असेल तर टोक उगमाकडे वळतं. थर प्रवाहाच्या दिशेने आणि नाल्यापेक्षा तीव्र कलत असेल तर टोक खाली वळतं. तुमची सीमा प्रत्येक नाल्यात समोच्च रेषेच्या बरोबरीने वळत असेल, तर तुम्ही स्पितीत बसून सह्याद्री काढताय.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र काळ्या शेलची, म्हणजे चिखल घट्ट होऊन झालेल्या पापुद्र्यांच्या खडकाची. इथे काळे शेल दोन आहेत. एक पर्मियन काळातला गुंगरी, पिन खोऱ्यात कुलिंग-मुदच्या बाजूला दिसतो. दुसरा ज्युरासिकमधला स्पिती शेल, लांगझा आणि ग्युमलकडचा. दोघांच्या वयात नऊ-दहा कोटी वर्षांचं अंतर आहे. हातात घेतलेला तुकडा तेवढ्याने काही सांगत नाही, म्हणून वर-खाली बघा. गुंगरीच्या डोक्यावर ट्रायासिकचे पातळ चुनखडक बसतात. स्पिती शेलच्या पायाशी किओटो चुनखडकाचे जाड कडे आणि वर ग्युमल वालुकाश्म असतो. गुंगरीत ब्रॅकिओपॉड या समुद्री जीवाचे शिंपले सापडतात. स्पिती शेलमधले गोल गोटे फोडले की आत अमोनाइट, नामशेष झालेल्या समुद्री जीवाचा चक्राकार शंख. देवघरातला गंडकीचा शाळिग्राम म्हणजे याच शेलच्या नेपाळातल्या भावंडातला गोटा. अर्थात वळीत थर उलटाही झालेला असू शकतो, तेव्हा 'वर' म्हणजे नक्की कुठे हे आधी ठरवा. वालुकाश्मातले तिरपे स्तर आणि लहरींच्या खुणा त्यासाठीच शोधायच्या.

जीवाश्म विकत घेऊन नमुना म्हणून नोंदवू नका. ज्या दगडाची जागा माहीत नाही तो नकाशाच्या कामाचा नाही. शिवाय लांगझ्याची जमीन अशा खरेदीनेच रिकामी होत चालली आहे, आणि मला ते फार लागतं.

घसाऱ्याचं, म्हणजे उतारावरून घरंगळलेल्या सुट्या दगडांचंही तसंच. मुथ क्वार्टझाइट या कठीण खडकाचे पांढरे दगड उतारावरून खूप खाली येऊन पसरतात आणि लांबून अख्खा डोंगरच पांढरा वाटतो. दुर्बिणीतून रंग बघून सीमा काढू नका. चढून जा, खडक जागचा आहे ना बघा, शेजारच्या दोन-तीन ठिकाणी डिप (थराचा कल) जुळतो का तपासा. चढणं शक्यच नसेल तर रेषा तुटक काढा.

खाली सुमदो-चांगोकडे फिकट, बारीक पट्ट्यांचा गाळ दिसला तर त्याला जुना खडक समजू नका. दरडींनी नदी अडून झालेल्या तलावांचा तो गाळ आहे. त्यातल्या काही पट्ट्या पिळवटलेल्या असतात आणि नवखा माणूस त्यांना हिमालयाच्या वळ्या म्हणून नोंदवतो. वरची आणि खालची पट्टी सरळ असून मधलीच चुरगळली असेल, तर गाळ ओला असतानाच हलला, बहुधा भूकंपाने. हा कौरिक-चांगो विभंगाचा, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या भेगेचा मुलूख आहे. १९ जानेवारी १९७५ चा किन्नौरचा मोठा भूकंप इथलाच.

जीपीएसचा ठिपका नदीपलीकडे पडतोय? आधी डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्याचा आधार, तपासा. जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट डेटमवर आहेत, यंत्र डब्ल्यूजीएस-८४ वर. फरक २०० मीटरांच्या आसपास जाऊ शकतो, म्हणजे १:५०,००० च्या नकाशावर ४ मिलिमीटर. होकायंत्र वाचताना हातोडी लांब ठेवा.

पोचल्याच्या दिवशी काम सुरू करू नका. स्पितीतलं मुख्य गाव काझा ३,६०० मीटरांहून उंच आहे. १८६४ मध्ये स्पितीचा अभ्यास करणारे भूशास्त्रज्ञ फर्डिनांड स्टोलिच्का १८७४ मध्ये काराकोरम ओलांडून परतताना लडाखमध्ये वारले, बहुधा उंचीच्या त्रासाने, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. डोकं दुखत असेल तर सोबत्याला सांगा, रेटून चढू नका.

संध्याकाळी रेषा शाईने पक्क्या करताना कालची आणि आजची सीमा जुळत नाही, असं होईलच. रेषा वाकवून ती जुळवू नका. डिपची दिशा उलटी लिहिली का, डेटम चुकला का, दोन काळे शेल एकच धरले का, हे क्रमाने बघा. तिन्ही ठीक असेल तर मधून विभंग जात असण्याची शक्यता आहे. तेवढा भाग पेन्सिलीतच ठेवा आणि सकाळी पुन्हा त्याच नाल्यात जा.