सारणाचे बन घरी करताना या चुका टाळा

बन फाटला किंवा तळाशी चिकट राहिला की लोक आधी यीस्टला बोल लावतात, मग ओव्हनला. मी घरी बन शिकवते. माझ्या पाहण्यात खोट बहुतेक वेळा सारणात असते. सारण ओलं असतं, नाहीतर गरम.

एका संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी कांद्याचे तीस बन करायला घेतले. नाशिकच्या पंचवटीतून नवा लाल कांदा आणला. हा कांदा पाणीदार असतो. साठवणीच्या चाळीत महिनोन्‌महिने टिकतो तो उन्हाळ कांदा. परतताना मीठ आधीच घातलं, त्यानं आणखी पाणी सोडलं आणि घाईत सारण कोमट असतानाच भरलं. बन वरून छान तांबूस झाले. पहिला फोडला, तर वर पोकळ घुमट, खाली कांदा आणि त्याखाली बोटाला चिकटणारं कच्चं पीठ. पाण्याची वाफ वरची पारी उचलून धरते आणि तळ भिजवत राहते. बायका दारात आल्या होत्या. मी तिळगुळासोबत चिवडा दिला.

तेव्हापासून कांदा मोठ्या आचेवर कोरडा होईपर्यंत परतते, मीठ शेवटी घालते, दोन चमचे भाजलेलं बेसन भुरभुरते आणि सारण ताटात पसरून पूर्ण गार करते. खोबरं-गुळाचं सारण कढईच्या कडा सोडून गोळा व्हायला लागलं की उतरवायचं. आधी उतरवलं तर गूळ ओव्हनमध्ये पाघळतो, जोडातून बाहेर येतो आणि ट्रेवर जळतो. बेदाणे भिजवले असतील तर पंचावर टिपून घ्या.

दुसरी चूक घड्याळाची. ‘एक तास झाला, पीठ फुगलंच नाही,’ असे फोन मला डिसेंबर-जानेवारीत हमखास येतात. अहो, नाशिकची थंडी आहे! पहाटेचा पारा दहाच्या खाली जातो, ओट्याचा दगड बर्फासारखा असतो. तिथे ठेवलेलं पीठ दोन-अडीच तास घेणारच. उलट एप्रिलमध्ये तेच पीठ पाऊण तासात दुप्पट होतं आणि विसरलं तर आंबूस होतं. मळून झालं की मी लिंबाएवढा गोळा काचेच्या सरळ ग्लासात दाबून बसवते आणि त्याच्या उंचीवर रबर लावते. ग्लास पिठाशेजारीच ठेवायचा. ग्लासातलं पीठ रबराच्या दुप्पट उंचीवर गेलं की परातीतलंही तयार. थंडीत दोन्ही बंद ओव्हनमध्ये ठेवते, सोबत वाटीभर गरम पाणी. ओव्हन चालू करायचा नाही.

घाई करणारे इथे यीस्ट दुप्पट करतात. मला हे अजिबात पटत नाही. अर्धा किलो मैद्याला सात ग्रॅम इन्स्टंट यीस्ट पुरतं. त्याहून जास्त घातलं की बनला उग्र वास येतो आणि खोबऱ्याच्या गोड बनमध्ये तो लपत नाही. ज्यांना थांबायचं नाही त्यांनी त्या दिवशी थालीपीठ लावावं.

दूध कढत घालू नका, यीस्ट मरतं. बोट घातल्यावर सुखद ऊब लागली पाहिजे. गोड बन म्हणून पिठात साखर ओतू नका, फुगणं मंदावतं. गोडी सारणात ठेवा.

पारी मोदकासारखी, मध्ये जाड आणि कडेला पातळ. कडेला सारणाचा तुपकट हात लागला तर तोंड चिकटत नाही, म्हणून भरायला चमचा वापरा. जोड खाली ठेवा. दुसऱ्यांदा फुगू द्या. बोटानं हलकं दाबल्यावर खळगा सावकाश भरून आला की भाजायला घ्या. ओव्हन १८० अंशांवर पूर्ण तापलेला हवा. लिंबापेक्षा थोड्या मोठ्या बनला साधारण १८ ते २० मिनिटं लागतात. बाहेर काढल्यावर एक उलटा करून टिचकी मारा. पोकळ आवाज आला नाही, तर सगळे आणखी तीन मिनिटं आत.