नॅरोबोटीतली ओल: हिवाळ्यात या चुका टाळा

इंग्लंडमधल्या कालव्यांवर नॅरोबोटीत, म्हणजे लांबट, अरुंद पोलादी बोटीत, राहणाऱ्यांकडे नोव्हेंबर लागला की तक्रारी सुरू होतात. खिडकीच्या चौकटीवरून पाणी ओघळते, गादीची खालची बाजू ओलसर लागते, कपाटातल्या बुटांवर बुरशी धरते. बोट गळते आहे अशी पहिली शंका येते, पण बहुतेक वेळा हे पाणी आतल्याच हवेतले असते. हवा २० अंश सेल्सियस आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर १२ अंशांहून थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी सुटणारच, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला सुटते तसे. बोटीचा पोलादी तळ तर पाच-सहा अंशांच्या कालव्यात बुडालेला असतो.

आधी हिशेब पाहू. पन्नास फुटी नॅरोबोटीच्या केबिनमध्ये सुमारे ४० घनमीटर हवा असते. वर सांगितलेल्या स्थितीत त्या हवेत सगळे मिळून जेमतेम ४०० मिली पाणी वाफेच्या रूपात असते. झोपलेला एक माणूस रात्रभरात श्वास आणि घामावाटे साधारण ३०० मिली पाणी हवेत सोडतो. म्हणजे दोघे झोपले तर हवेत आधीपासून असलेल्या पाण्याहून जास्त पाणी एका रात्रीत वाढते. ते बाहेर गेले नाही तर सकाळी खिडकीवर, नाहीतर खिडकीपेक्षा वाईट ठिकाणी, लायनिंगच्या (भिंतीच्या आतल्या अस्तराच्या) मागे सापडते.

व्हेंट बुजवणे

सगळ्यात मोठी आणि सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक हीच. छतावरच्या मश्रूम व्हेंटमधून (हवा खेळण्यासाठीच्या छत्रीसारख्या झरोक्यांतून) गार वारा येतो म्हणून त्यात बोळे कोंबले जातात. मुंबई-कोकणात पावसाळे काढलेल्या माणसाला तर हे शहाणपणाचेच वाटते, कारण तिथे बाहेर दमट असताना खिडकी उघडली की घरातली ओल वाढते. इंग्लंडच्या हिवाळ्यात हे गणित उलटे असते. बाहेर ५ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता, धुके पडलेले, सगळे ओलेचिंब दिसत असले तरी त्या हवेच्या एका घनमीटरात फक्त ६ ग्रॅम पाणी असते. तीच हवा आत येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता ३५ टक्क्यांवर येते. बाहेर रिमझिम असली तरी सकाळी उठल्यावर दोन टोकांच्या खिडक्या दहा-पंधरा मिनिटे उघडा आणि लाकूड-कोळशाचा स्टोव्ह पेटता ठेवा.

व्हेंट बुजवण्यात जिवाचाही धोका आहे. स्टोव्ह आणि गॅस चालू असताना हवेची वाट बंद केली की कार्बन मोनॉक्साइड साचतो. बोट सेफ्टी स्कीम या ब्रिटनमधल्या बोटींच्या सुरक्षा-तपासणी योजनेच्या नियमांत २०१९ पासून राहत्या बोटींना कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सक्तीचा आहे. अलार्म आहे म्हणून व्हेंट बंद केले तरी चालतील, असा अर्थ मात्र काढू नका. वारा फार झोंबत असेल तर व्हेंटच्या खाली चार-पाच सेंटिमीटर अंतरावर एक आडवी पट्टी लावा. झोत अंगावर येणार नाही आणि वाट मोकळी राहील.

चुकीची ऊब

गॅसची शेगडी पेटवून केबिन गरम करणे म्हणजे पैसे देऊन पाणी विकत घेणे. एक किलो प्रोपेन जळला की १.६ किलो पाणी तयार होते. मध्यम बर्नर दोन तास पूर्ण आचेवर चालला तर सुमारे ४०० मिली, म्हणजे केबिनच्या हवेत होते तेवढेच पाणी पुन्हा भरले. चिमणी नसलेला केरोसीन हीटरही तसाच, लिटरमागे जवळपास लिटरभर पाणी. विषारी वायूचा धोका आहेच. लाकूड-कोळशाच्या स्टोव्हचे तसे नाही. जळणातून निघालेली वाफ चिमणीवाटे बाहेर जाते, शिवाय स्टोव्ह केबिनमधली हवा ओढून घेतो आणि तिच्या जागी बाहेरची कोरडी हवा येते.

पण त्याच स्टोव्हभोवती ओली लाकडे वाळत घातली तर सगळा फायदा गेला. वीस टक्क्यांहून जास्त ओलावा असलेले लाकूड आत आणू नका. इंग्लंडमध्ये मे २०२१ पासून दोन घनमीटरपेक्षा कमी प्रमाणात विकायच्या जळाऊ लाकडाला हीच मर्यादा आहे, त्यामुळे छापील खूण पाहून घेता येते. धुतलेले कपडे शक्यतो लाँड्रीच्या ड्रायरमध्ये वाळवा. बोटीतच वाळवायचे तर स्टोव्ह पेटता आणि जवळची खिडकी उघडी हवी. भात-वरण कुकरमध्येच करा, उघड्या पातेल्यात रटरटत ठेवू नका, आणि शिट्टी होत असताना वरची हॅच (छतातले झाकण) उघडी ठेवा.

गादी सपाट प्लायवूडवर

फोमची गादी सरळ प्लायवूडवर टाकली की शरीराची वाफ गादीतून खाली उतरते आणि थंड फळीवर तिचे पाणी होते. फळीखाली सामान कोंबलेले असेल तर हवा अजिबात खेळत नाही. फळी काढून पाच-सहा सेंटिमीटर अंतराने लाकडी पट्ट्या लावा. ते जमत नसेल तर फळीला दर १५ सेंटिमीटरवर २५ मिलिमीटरची भोके पाडा आणि वर एक-दोन सेंटिमीटर जाडीची जाळीदार चटई अंथरा. गादी आणि बोटीची बाजू यांच्यात दोन बोटांची फट राहू द्या. सकाळी उठल्याबरोबर पांघरूण ताणून नीट घालण्यापेक्षा गादी तासभर उभी करून ठेवा.

डिह्युमिडिफायरवर भिस्त

मरीनाची (बोटी लावायच्या धक्क्याची) वीज असेल तर हवेतली ओल काढणारे हे यंत्र उपयोगी पडते, पण कुठले ते पाहा. काँप्रेसरचे यंत्र १५ अंशांखाली फारसे पाणी काढत नाही, गारठलेल्या बोटीत तर त्याच्या कॉइलवर बर्फच धरते. अशा ठिकाणी डेसिकंट, म्हणजे ओल शोषणाऱ्या पदार्थावर चालणारे, यंत्र घ्या. ते साधारण ३०० ते ७०० वॅट खाते, पण ती ऊब केबिनलाच मिळते. बॅटरी-इन्व्हर्टरवर चालवण्याचा विचार सोडा. आणि यंत्र चालू असताना खिडक्या सताड उघड्या ठेवल्या तर ते अख्खा कालवा सुकवत बसेल.

कॅल्शियम क्लोराइडचे डबे एखाद्या बंद कपाटापुरते ठीक. त्यात जमणारे खारट पाणी पोलादावर सांडले तर गंज लागतो.

खिडकीचे पाणी, खिडकीचा दोष

ॲल्युमिनियमच्या चौकटीत खालच्या बाजूला पाणी बाहेर जाण्यासाठी बारीक भोके असतात. ती शेवाळ आणि धुळीने बुजली की पाणी उलटे आत उतरते आणि लोक सीलंटच्या नळ्या रिकाम्या करत बसतात. आधी बारीक तार घालून भोके मोकळी करा. हिवाळ्यापुरते आतून दोन-तीन मिलिमीटर जाडीचे ॲक्रिलिक चुंबकीय पट्टीने चिकटवले तर बराच फरक पडतो. ते केबिन कोरडी असताना लावा आणि उघडता येणारा भाग मोकळा सोडा.

गळती आणि ओल यांत गल्लत

लायनिंगवर डाग दिसला तर तिथे ३० सेंटिमीटर चौरस ॲल्युमिनियम फॉइल चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस थांबा. फॉइल केबिनच्या बाजूने ओले झाले तर हवेतली वाफ, मागून ओले झाले तर पाणी लायनिंगच्या मागून येते आहे. मागून म्हणजे गळतीच, असे नाही. पोलाद आणि लायनिंग यांच्यामध्ये पॉलिस्टायरीनचे तुकडे नुसते बसवलेले असतील तर कडेच्या फटींतून उबदार हवा मागे जाते, पोलादावर तिचे पाणी होते आणि ते ओघळून केबिनच्या बिल्जमध्ये, म्हणजे फरशीखालच्या तळाच्या पोकळीत, साचते. फवारलेला फोम पोलादाला चिकटून बसतो, म्हणून तो बरा. पोलादी बरगड्याही त्याखाली झाकल्या गेल्या पाहिजेत. पॉलिस्टायरीन विजेच्या पीव्हीसी वायरींना टेकू देऊ नका, वायरीचे आवरण कडक होऊन तडकते.

बिल्जमध्ये पाणी दिसले तर पूर्ण टिपून काढा आणि कोरडा कागद पसरा. पाण्याचा पंप रात्री कोणी नळ उघडला नसताना मध्येच सुरू होत असेल तर नळजोड तपासा. शॉवरच्या ट्रेमध्ये खाण्याचा रंग टाकून पाणी सोडा. कागदावर रंग उतरला की शोध संपला.

बुरशी कोरड्या ब्रशने घासू नका, ती हवेत पसरते. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा. ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

एप्रिल-मेमध्ये मात्र हे सगळे पुन्हा उलटते. बाहेर १८ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू, म्हणजे हवेतले पाणी सुटू लागते ते तापमान, १२ अंशांच्या वर असतो, आणि बोटीचा तळ अजून दहाच्या आसपास असतो. अशा दुपारी बिल्जची झाकणे उघडून हवा खेळवली तर तळाला आणखी पाणी सुटेल. ती सकाळी गारव्यात उघडा आणि ऊन तापण्याआधी बंद करा.