टॉम क्रीन मांडवात कसा मांडाल

इंदूरच्या गणेशोत्सवातल्या प्रदर्शनात अंटार्क्टिकाच्या मोहिमांवर गेलेला आयरिश खलाशी टॉम क्रीन (1877-1938) घ्यायचा असेल, तर चरित्राचा लांबलचक फलक करू नका. उभं राहून तो कुणी वाचत नाही. अंतर दाखवा.

फेब्रुवारी 1912 मध्ये अंटार्क्टिकावर, स्कर्व्हीने (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या आजाराने) आडव्या झालेल्या इव्हान्सला लॅशली या दुसऱ्या सोबत्याच्या भरवशावर सोडून क्रीन मदत आणायला एकटाच निघाला. सुमारे 56 किमी, 18 तास, सोबत तीन बिस्किटं आणि थोडं चॉकलेट. इथून उज्जैन जवळपास तेवढंच, म्हणून शेजारी तो रस्ता काढा. बशीत खरी तीन बिस्किटं ठेवाच, माणूस तिथेच थबकतो. चित्रात काळी रात्र मात्र नको. तिथे तेव्हा उन्हाळ्याचा शेवट असतो.

1916 मध्ये शॅकलटनच्या मोहिमेत क्रीनसह सहा जणांनी मदत आणायला समुद्र ओलांडला, ती होडी जमिनीवर आखा: साडेबावीस फूट सुतळी ताणा, दोन्ही टोकं निमुळती करा, खडूने गिरवा. मग आत सहा जणांना बसवा.

चूक होते ती मैलांत. होडीच्या त्या प्रवासाचे 800 मैल सागरी आहेत, म्हणून 1.852 ने गुणा: सुमारे 1,480 किमी. नकाशा दक्षिण ध्रुव मध्यभागी असलेलाच घ्या. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशात अंटार्क्टिका तळाशी नुसती पट्टी दिसते.