भिगवणचे रोहित आणि १.४एक्स टेलिकन्व्हर्टर

भिगवणला, उजनी धरणाच्या पाण्यात, नावेतून रोहित (फ्लेमिंगो) टिपताना मी निकॉनच्या २००-५०० मिमी लेन्सला १.४एक्स टेलिकन्व्हर्टर लावते, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे बसणारं, आवाका १.४ पट करणारं भिंग. आवाका २८०-७०० मिमी होतो, पण एक स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड जातो; लेन्सचं छिद्र एफ/५.६चं एफ/८ होतं. म्हणून सूर्य नीट वर येईपर्यंत कन्व्हर्टर पिशवीतच ठेवा.

कॅमेरा बंद करून आधी कन्व्हर्टर लेन्सला, मग दोन्ही मिळून बॉडीला. नाव हलत असते, त्यामुळे शटरचा वेग १/१६०० सेकंदाच्या खाली नेऊ नका. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) वाढू दे; फोटोत दाणे आले तर चालतात, हललेली चोच नाही चालत. फोकस मधल्याच बिंदूवर. २एक्स कन्व्हर्टर या लेन्सवर नकोच, एफ/११ला डीएसएलआरचा ऑटोफोकस अडखळतो.

उन्हाने पाण्यावरची हवा थरथरू लागली, की कन्व्हर्टर काढा. नाव थोडी जवळ न्यायला सांगा. पक्ष्यांनी माना वर केल्या की तिथेच थांबा.