बफेलो निकेल: आधी साल, मग शिंग

नाण्याचा फोटो बघून आई पटकन म्हणाली, "अगं, हा तर गवा!" राधानगरीकडची बाई ती, तिला गवा शिकवायला नको. अमेरिकेत म्हणतात बफेलो, प्राणी आहे बायसन. १९१३ ते १९३८ मधलं हे पाच सेंटचं नाणं मी न्यू जर्सीतल्या नाण्यांच्या प्रदर्शनांतून गोळा करते. तुम्हाला सुरुवात करायची असेल तर किमतींचं पुस्तक नंतर घ्या, आधी चांगलं भिंग घ्या.

नाणं कडेने धरा. पहिली नजर सालावर. ते पुढच्या बाजूच्या रेड इंडियनच्या खांद्याच्या उंचवट्यावर आहे, म्हणून आधी तेच झिजतं. साल पुसलेली नाणी ढिगाने मिळतात. ढिगातच राहू द्या. मग उलटवून 'फाइव्ह सेंट्स'च्या खाली बघा: 'डी' म्हणजे डेन्व्हर, 'एस' म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, काहीच नसेल तर फिलाडेल्फिया.

आता शिंग. ग्रेड, म्हणजे नाणं किती शाबूत आहे त्याचा आकडा, १ ते ७० पर्यंत जाते. शिंग साधारण अर्धं उरलं असेल तर ८, टोकापर्यंत दिसलं तर २०. फक्त एक गोम आहे. विसाच्या दशकातली काही नाणी, विशेषतः १९२६ डी, टांकसाळीतूनच कच्च्या ठशाची, म्हणजे नक्षी धड न उमटलेली निघाली; कोऱ्या नाण्यालाही शिंग धड नसतं. दिव्याखाली हळूहळू तिरपं करा. झिजलेला भाग मंद राहतो, कच्च्या ठशावरून मात्र चमक सरकत जाते. हे डोळ्यात बसायला मला दोन वर्षं लागली.

दुर्मिळता साल आणि ग्रेड जोडूनच बघायची. १९३८ डी सत्तर लाखांवर निघालं, लोकांनी कोरंच जपून ठेवलं, त्यामुळे ६५ ग्रेडचंही सहज मिळतं. १९२६ एस निघालं ९ लाख ७० हजार आणि बहुतेक सगळं बाजारात फिरून झिजलं. झिजलेलं पैसे मोजून मिळेल. ६५चं बघायला मिळालं तरी नशीब.

धुवू मात्र नका. मी एक छान ठसठशीत नाणं देवाच्या तांब्यासारखं चिंचेने घासलं. लख्ख झालं, आणि ग्रेड देणाऱ्या कंपनीकडून आकड्याशिवाय परत आलं. शेरा एकच: साफ केलेलं.

१९३७ डीच्या काही नाण्यांवर टांकसाळीच्या चुकीने बायसनचा एक पाय उमटलाच नाही. कोणी असा तीन पायांचा बायसन दाखवला तर पाय मोजत बसू नका, पाय खरवडून काढता येतो. पोटाखाली बघा. खऱ्या नाण्यावर तिथून जमिनीपर्यंत बारीक उठावदार ठिपक्यांची ओळ असते, जनावर मुततंय अशी.